पाळींव सर्प व पाळणाराचें दायित्व

श्रावण शुद्ध पंचमीस पाटावर गंधानें नाग काढून त्याची पूजा करावयाची, आणि एरव्हीं अंगणांत सर्प दिसला कीं काठी शोधावयाची, एवढाच आपल्या घरांतील माणसांचा व सर्पाचा आजवरचा संबंध. देवघरांत मान आणि अंगणांत मरण, या दोहोंच्या मधें तिसरी कांहीं अवस्था असूं शकेल ही कल्पना आमच्या पिढीच्या मनास कधीं शिवली नाहीं. पाश्चात्य देशांत मात्र ती केव्हांच रूढ झाली आहे. तेथें मुलांच्या निजावयाच्या खोलींत कांचेच्या पेटींत सर्प राहतो, त्यास नांव असतें, त्याचें वजन वहींत टिपलें जातें, आणि तो आजारी पडला तर त्यास पशुवैद्याकडे नेतात.

हा दूरदेशचा छंद म्हणून आम्ही तो सोडून दिला असता. परंतु आतां आपल्या घरोघरचीं मुलें-सुना समुद्रापलीकडे संसार थाटून राहिलीं आहेत, आणि तिकडच्या हौशी त्यांच्या उंबरठ्यांतून आंत येणारच. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मध्यंतरीं आम्हांस विचारलें, “गुरुजी, मुलीला वाढदिवसाला सर्प हवा आहे. आईनें तर सर्प घरांत आला कीं आपण परत पुण्याला जाऊं असें सांगितलें आहे. दुकानदार म्हणतो, जोडीच घ्या, पिलें विकून खर्च निघेल. आपण काय सांगाल?” मुलगी बारा वर्षांची आहे. प्रश्न एक दिसला तरी त्यांत दोन गुंतलेले आहेत. सर्प पाळावा काय, हा पहिला. आणि पैशासाठीं किंवा हौसेसाठीं त्याची पैदास करावी काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर शोधणें फारसें कठीण नाहीं. दुसऱ्याच्या पोटांत मात्र एक असें प्रकरण आहे कीं ज्यावर तिकडचे जाणते लोकही वर्षानुवर्षें वाद घालीत आहेत.

तिकडे जे सर्प पाळतात त्यांत अतिशय लोकप्रिय असलेल्या एकाच जातीविषयीं येथें लिहितों. इंग्रजींत तिला बॉल पायथन म्हणतात. आपण बॉल अजगर म्हणूं. अजगर म्हटला कीं बकरें गिळणारें धूड आपल्या डोळ्यांपुढें येतें. हा तसा नव्हे. पूर्ण वाढलेली मादी चार-साडेचार फूट, नर त्याहून लहान. विष मुळींच नाहीं. भय वाटलें म्हणजे डोकें मधोमध दडवून तो अंगाचा घट्ट गोळा करतो, त्यावरूनच त्याचें हें नांव पडलें. इंग्लंडांत त्यास रॉयल, म्हणजे राजअजगर म्हणतात. तो मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेचा. सेनेगालपासून युगांडापर्यंतच्या गवताळ मुलखांत, शेतांच्या कडेला, उंदरांनीं सोडलेल्या बिळांत व वारुळांत तो दिवस काढतो आणि रात्रीं भक्ष्यास निघतो.

आफ्रिकेंतील लोकांनीं त्यास कसें वागविलें हें आपल्या वाचकांस ऐकण्यासारखें आहे. बेनिन देशांत वीदा नांवाचें गांव आहे. तेथें अजगरांचें देऊळ असून त्याच्या समोरच ख्रिस्ती लोकांचें मोठें प्रार्थनामंदिर उभें आहे. या देवळांतील अजगर रात्रीं बाहेर पडतात, गांवांत उंदीर शोधीत हिंडतात; एखाद्याच्या घरांत अजगर शिरला तर घरधनी त्यास पाहुण्यासारखें वागवून पुन्हां देवळांत पोंचवितो. नायजेरियांतील इग्बो लोकांत तर चुकून अजगर मारला गेल्यास त्यास पेटींत घालून रीतसर पुरण्याची चाल आहे. नागपूजा ही आपलीच मिरास असें समजणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शिवाय त्या लोकांच्या पूजेंत सर्पास कोंडणें नाहीं, आणि दूध पाजणेंही नाहीं.

दुधाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. सर्पास दूध पाजलें तर विषच वाढतें, या अर्थाचें सुभाषित आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविलें. त्याचा रोख दुर्जनावर आहे, सर्पावर नव्हे. सर्पाचें पोट दुधासाठीं केलेलेंच नाहीं. पंचमीच्या आधीं कित्येक दिवस पाण्यावांचून ठेवलेला नाग वाटींत तोंड घालतो तो तहानेनें, आणि मागाहून आजारी पडतो.

आतां पाळण्याविषयीं. सर्प आपल्या अंगांत ऊब निर्माण करीत नाहीं, ती बाहेरून घेतो. तेव्हां त्याच्या पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि दुसरी २५ ते २७ अंश अशी ठेवावी लागते, म्हणजे त्यास हवी ती जागा निवडतां येते. हें नियमन यंत्राकडे सोंपवावें, अंदाजाकडे नव्हे. अनियंत्रित तापलेल्या पत्र्यावर निजून पोट भाजलेले सर्प पशुवैद्यांस पाहावे लागतात. कारण सर्प आपलें अंग भाजत आहे हें ओळखून बाजूस सरकतोच असें नाहीं. हवेंत ओलावा शेंकडा साठाच्या आसपास हवा. तो कमी पडला तर कात एकसंध न निघतां तुकड्यांनीं निघते, आणि डोळ्यावरील पापुद्रा तसाच राहून गेल्यास दृष्टीस अपाय होतो. ऊबेच्या व गारव्याच्या अशा दोन्ही बाजूंस लपावयास एकेक जागा द्यावी. बिळांत राहणाऱ्या प्राण्यास उघड्यावर ठेवणें म्हणजे त्यास रात्रंदिवस भीतींत ठेवणेंच होय.

पेटी केवढी असावी यावर मोठा वाद आहे. मोठ्या प्रमाणावर पैदास करणारे लोक खणाखणांच्या मांडणीवर प्लास्टिकचे डबे सरकवून त्यांत एकेक सर्प ठेवतात. त्यांचें म्हणणें असें कीं या जातीस अरुंद जागाच आवडते. अरुंद जागा विश्रांतीस आवडते हें खरें. पण बिळांत निजणारा प्राणी बिळांतच जन्म काढतो असें नाहीं. सर्पास अंग पूर्ण लांब करतां येईल एवढी तरी जागा द्यावी, हा कित्येक शास्त्रज्ञांचा आग्रह आम्हांस पटतो. कपाटाच्या खणांत कागद ठेवावे.

आहाराची गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीनें नाजूक आहे. बॉल अजगर उंदीर खातो, दुसरें कांहीं खात नाहीं असेंच समजून चालावें. जिवंत उंदीर पेटींत सोडणें हें दोघांसही क्रूरपणाचें. सर्पास भूक नसेल तर तोच उंदीर त्याची पाठ कुरतडून काढतो. यासाठीं मारून गोठविलेले उंदीर विकत मिळतात, ते ऊन पाण्यानें गरम करून चिमट्यानें द्यावयाचे. म्हणजे ज्या घरांत चातुर्मासांत कांदालसूण येत नाहीं, त्या घराच्या फ्रिजमध्यें मेलेले उंदीर ठेवावे लागतील. निदान त्यांच्यासाठीं वेगळा फ्रिज घ्यावा लागेल. हें ज्यास सोसणार नाहीं त्यानें सर्प घेऊं नये. सर्पास शाकाहारी करण्याचा विचार तर कोणीं मनांतही आणूं नये.

प्रौढ सर्पास दोन ते चार आठवड्यांनीं एकदां खावयास दिलें कीं पुरतें. संस्कृतांत सर्पास पवनाशन, म्हणजे वाऱ्यावर जगणारा, असें नांव आहे. तें अर्थात् खरें नव्हे. परंतु हें नांव ज्यानें दिलें त्यानें सर्प नीट पाहिला होता यांत शंका नाहीं. हा अजगर कधीं कधीं महिनेच्या महिने अन्नास तोंड लावीत नाहीं, आणि विशेषतः विणीच्या हंगामांत हें स्वाभाविक असतें. नवशिका पाळणारा घाबरून त्याच्या तोंडांत बळेंच कोंबूं पाहतो, तसें करूं नये. वजन टिपावें, तें उतरूं लागलें तर सर्पांची माहिती असलेल्या पशुवैद्यास दाखवावें.

ज्या घरांत रांगतें मूल किंवा अशक्त वृद्ध आहे तेथें आणखी एक पथ्य आहे. सरड्या-सापांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतू असतात व ते निरोगी दिसणाऱ्या सर्पाच्याही विष्ठेंतून पसरतात. पांच वर्षांच्या आंतील मुलांनीं सर्प हाताळूं नये असें अमेरिकेंतील सरकारी आरोग्यखातें सांगतें. सर्पाची भांडीं स्वयंपाकघराच्या मोरींत धुऊं नयेत, आणि सर्प हाताळल्यावर साबणानें हात धुवावे. आजीबाईंचा सोंवळ्याचा आग्रह येथें शास्त्राच्या बाजूनें पडतो.

हें सर्व जमलें तरी खरी कसोटी वर्षांची आहे. कुत्रा बारा-पंधरा वर्षें जगतो. हा सर्प नीट ठेवला तर वीस ते तीस वर्षें सहज जगतो. अमेरिकेंतील सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयांतील एका मादीची गोष्ट घ्या. ती १९६१ सालीं एका गृहस्थाकडून तेथें आली. तिनें २०२० च्या जुलैंत, वयाच्या बासष्टाव्या वर्षाच्या सुमारास, सात अंडीं घातलीं, आणि तींही पंधराहून अधिक वर्षें नराचा सहवास नसतां! हा विक्रम सोडून द्या. पण आज बारा वर्षांची असलेली मुलगी चाळिशीस येईल तेव्हांही वाढदिवसाचा सर्प जिवंत असण्याचा संभव आहे. ती शिक्षणास परगांवीं जाईल, तिचें लग्न होईल, बिऱ्हाड बदलेल. तेव्हां त्याची पेटी कोण तापती ठेवणार? या प्रश्नास घरांतील एका तरी मोठ्या माणसानें आपलें नांव उत्तर म्हणून द्यावें, मगच सर्प घरांत आणावा.

आतां पैदाशीकडे वळूं. रानांतील बॉल अजगर काळसर तपकिरी, त्यावर फिक्या मातकट रंगाचे ठिपके, असा असतो. क्वचित् एखाद्याच्या अंगांत काळा रंगच तयार होत नाहीं, आणि तो पांढऱ्या-पिवळ्या कांतीचा व तांबड्या डोळ्यांचा निपजतो. १९९२ सालीं अमेरिकेंत बॉब क्लार्क यानें अशा सर्पापासून तशींच पिलें काढून दाखविलीं, आणि हा गुण वंशपरंपरेनें उतरतो हें सिद्ध झालें. मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्याविषयीं जें प्रसिद्ध केलें तेंच हें. पांढऱ्याचा साध्याशीं संयोग झाला तर सर्व पिलें साधींच दिसतात, पण प्रत्येकाच्या अंगांत पांढरेपणा सुप्त असतो; तशा दोघांचा संयोग झाला तर सरासरीनें चारांत एक पांढरें निघतें. तेव्हांपासून पांढऱ्या चट्ट्यांचे, सोनेरी, करडे, पट्टे मोडलेले असे नवनवे प्रकार निघाले, त्यांच्या मिश्रणांतून हजारों झाले, आणि त्यांस केळें, विदूषक अशीं गमतीचीं नांवें पडलीं. एकेका नव्या रंगासाठीं हजारों डॉलर मोजणारे लोक निघाले.

रंगाची हौस हा गुन्हा नव्हे. आपण शेवंतीच्या व जास्वंदीच्या शेंकडों जाती केल्या. शास्त्रासही या हौसेचा उपयोग झाला आहे. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं हौशी लोकांकडून टपालानें आलेल्या कातींवरून रंग नाहींसा होण्याचें मूळ कोणत्या जनुकांत आहे हें शोधून काढलें व २०२२ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या कातीस आपण अशुभ समजून अंगणाबाहेर टाकतों, तिच्यावर तिकडे मुलें आनुवंशिकशास्त्र शिकलीं. हौसेची मर्यादा सुटते ती रंगाबरोबर शरीरही बिघडतें तेव्हां.

१९९९ सालीं आफ्रिकेंतून एक अजगर अमेरिकेंत आला. त्याच्या अंगावर जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा होत्या, म्हणून त्यास स्पायडर, म्हणजे कोळी, हें नांव मिळालें. हा गुण सुप्त राहत नाहीं. एका पालकांत असला तरी सुमारें निम्म्या पिलांत उघड दिसतो. त्यामुळें त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. मात्र लवकरच दिसून आलें कीं या सर्पांचें डोकें थरथरतें, मान मळसुत्रासारखी पिळली जाते, भक्ष्यावर घातलेली झेंप चुकते, आणि उताणा केल्यास पुष्कळांना सुलट होतां येत नाहीं. कोणास कमी, कोणास अधिक. एकाच वेळच्या भावंडांतही फरक. पण या गुणाचा सर्प आणि ही व्याधि यांची फारकत इतक्या वर्षांत कोणास करतां आलेली नाहीं. जें जनुक नक्षी देतें तेंच तोल घेतें, असा अनुभव आहे.

संस्कृतांत सर्पास चक्षुःश्रवा म्हणतात. त्यास बाहेरचा कान नाहीं, म्हणून तो डोळ्यांनीं ऐकतो अशी समजूत. वास्तविक त्यास अंतःकर्ण आहे, आणि मनुष्याप्रमाणेंच शरीराचा तोल त्या अंतःकर्णांतील नलिकांवर अवलंबून असतो. जर्मन संशोधकांनीं स्पायडर सर्पांच्या डोक्यांचीं सूक्ष्म क्ष-किरण चित्रें घेऊन २०२२ सालीं दाखविलें कीं त्यांच्या या अर्धवर्तुळ नलिका व तोलाची पिशवी घडणींतच विकृत आहेत. म्हणजे हा सर्प जन्मभर आपलें वर कोणतें व खालीं कोणतें हें नीट न समजतां जगतो. इंग्लंडांतील इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीनें २०१८ सालींच आपल्या मेळ्यांत या प्रकाराची विक्री बंद केली होती.

पैदास करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, हा सर्प खातो, वाढतो, वितो. मग त्यास दुःख आहे हें कशावरून? आमचें उत्तर असें कीं खाणें, वाढणें व विणें एवढ्यावरून सुखाचा निर्णय होत असता तर जगांतील पुष्कळ दुःखी माणसें सुखी ठरलीं असतीं. सर्प ओरडत नाहीं, लंगडत नाहीं, कण्हत नाहीं. त्याचें दुःख त्याच्या मौनामुळें नाहींसें होत नाहीं. दुसरें असें कीं ही व्याधि टाळणें अगदीं सोपें आहे. सुप्त दोष पिढ्यानपिढ्या लपून बसतो, त्याचें निर्मूलन दुष्कर असतें. हा दोष मात्र ज्याच्या अंगावर दिसत नाहीं त्याच्या अंगांत नसतो. आजच्या स्पायडर सर्पांस प्रेमानें मरेपर्यंत सांभाळून केवळ त्यांची वीण थांबविली तर एका आयुष्यांत हा प्रश्न जगांतून संपतो. फार थोड्या आनुवंशिक व्याधींविषयीं असें म्हणतां येतें. आणि स्पायडर एकटा नाहीं. कांहीं रंगांत पाठीचा कणा वांकडा निघतो, डेझर्ट नांवाच्या प्रकारांत माद्यांची अंडीं अडून त्या दगावतात. नवा रंग घेतांना त्याचा असा इतिहास विचारला पाहिजे.

आदिपर्वांतील कद्रूची कथा या प्रसंगीं आठवते. उच्चैःश्रव्याची शेपटी काळी आहे अशी पैज तिनें विनतेशीं लाविली, ती शुभ्र आहे असें कळल्यावर आपल्या सर्पपुत्रांस केंस होऊन शेपटीस चिकटण्याची आज्ञा केली, आणि ज्यांनीं तें नाकारलें त्यांस सर्पसत्रांत जळून मरण्याचा शाप दिला. आईनें एका रंगाच्या पैजेपायीं पोरांचे प्राण पणास लावले! सर्पांच्या कुळाची ही जुनी कथा लिहिणारानें कोणत्याही दुकानाचें दार पाहिलें नव्हतें.

तिच्याच शेजारीं विनतेची कथा आहे. कद्रूचीं अंडीं फुटलेलीं पाहून तिला धीर धरवेना. आपलें एक अंडें तिनें वेळेआधीं फोडलें, आणि अरुण कमरेखालीं अपुरा निघाला. बॉल अजगराच्या मादीस सामान्यतः चार ते दहा अंडीं होतात. ती त्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते, आणि त्या काळांत बहुधा खात नाहीं. माणसें तीं काढून घेऊन सुमारें ३१-३२ अंशांवर उबवितात. पंचावन्न ते साठ दिवस लागतात. पिलाच्या तोंडाशीं एक बारीक अंडदंत असतो, त्यानें तें कवच चिरतें, आणि उरलेला बलक अंगांत जिरेपर्यंत आंतच डोकें बाहेर काढून बसून राहतें. तरीही कोणता रंग निघाला हें पाहण्याच्या घाईनें पंचावन्नाव्या दिवसाच्या आधींच कात्री घेऊन अंडीं कापणारे लोक आहेत. त्यांस विनतेची गोष्ट कोणी तरी सांगावी.

चांगला पैदास करणारा कसा ओळखावा? तो मादीस तीन वर्षांची व सुमारें दीड किलोची झाल्यावांचून नराकडे सोडीत नाहीं, आणि दरवर्षीं वीण घेऊन तिला झिजवीत नाहीं. पिलूं अनेकदां आपणहून खाल्ल्यावांचून विकीत नाहीं. आई-बाप दाखवितो, वंशाची टिपणें दाखवितो, आणि न जमल्यास सर्प परत घेण्याचें कबूल करतो. जो ‘जोडी घ्या, खर्च निघेल’ असें म्हणतो त्यास पिलांच्या घरांची काळजी नसते. एका जोडीचीं दरवर्षीं सहा-सात पिलें, आणि प्रत्येकाचीं वीस-तीस वर्षें, हा गुणाकार आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं पाठविला. रंगीत पिलांचा बाजार एवढा भरला आहे कीं साध्या रंगाचे सर्प कोणी फुकटही घेत नाहीं अशी तिकडे कित्येक ठिकाणीं स्थिति आहे, आणि नाकारलेल्या सर्पांच्या अनाथालयांत जागा नाहीं. पहिलाच सर्प घ्यावयाचा तर अशा अनाथालयांतूनच घ्यावा असें आमचें मत आहे.

दुकानांतून घेतांना जन्मठिकाण विचारावें. १९७५ पासून पश्चिम आफ्रिकेंतून तीस लक्षांहून अधिक बॉल अजगर परदेशीं गेले आहेत. टोगो, बेनिन व घाना येथें रानांतून गाभण माद्या धरून आणतात, अंडीं उबवून पिलें निर्यात करतात, आणि याला कागदोपत्रीं संवर्धन म्हणतात. अशीं पिलें स्वस्त मिळतात. प्रवासांत किती दगावलीं याचा हिशेब किंमतींत नसतो.

सर्प नकोसा झाला म्हणून रानांत सोडणें हें तर महापातक समजावें. फ्लोरिडांतील एव्हरग्लेड्स दलदलींत लोकांच्या हातून सुटलेले व सोडलेले ब्रह्मदेशी अजगर, आपल्या अजगराचे भाऊबंद, इतके माजले कीं २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत तेथें रॅकून नांवाचा प्राणी दिसण्याचें प्रमाण शेंकडा नव्याण्णवांनीं घटलेलें आढळलें. त्याच वर्षीं अमेरिकेनें त्या अजगराची आयात बंद केली.

इकडे हिंदुस्थानांत राहणाऱ्यांस निराळा नियम आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. नाग, अजगर, धामण अशा आपल्या सर्पांस धरणें, मारणें किंवा घरीं ठेवणें हा या कायद्यानें गुन्हा आहे. मग हेतु कितीही प्रेमाचा असो. बॉल अजगरासारखे जे परदेशी प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या यादींत आहेत, त्यांची नोंद करणें व पैदाशीसाठीं परवाना घेणें २०२२ च्या दुरुस्तीनें आवश्यक झालें. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली आणि नोंदणीचे नियम २०२४ च्या फेब्रुवारींत निघाले. नोंद नसलेला सर्प विकत घेणारा बहुधा चोरट्या मार्गानें आलेला सर्प घेतो.

आणि पावसाळ्यांत बिळांत पाणी शिरून एखादी धामण ओसरीवर आली, तर मुलांस आंत घ्यावें, काठी जागच्या जागीं राहूं द्यावी, सर्प कोठें जातो तें दुरून पाहात एका मोठ्या माणसानें उभें राहावें, आणि महाराष्ट्रांत असाल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवून जाणत्या सर्पमित्राची वाट पाहावी.